झटका द्यायला सांग ताईंना

स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी. स्क्रू अर्धा आत गेला, अर्धा बाहेर राहिला आणि माझं कॉर्डलेस ड्रिल कण्हून थांबलं. चार्जरला लावलं की पाच-दहा मिनिटांत हिरवा दिवा, आणि उचललं की दीड फेरा. 2011 साली घेतलेलं बारा व्होल्टचं मशीन आहे. मोटर ठणठणीत, गिअर ठणठणीत, चक बिट सोडत नाही. फक्त बॅटरी गेली. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, तो पॅक बंद झालाय, मॉडेल अपग्रेड करून घ्या." म्हणून परवा बॅटरीचा पॅक पिशवीत टाकला आणि पुण्यातल्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रिकच्या मालाच्या तपकीर गल्लीत गेले. पार्किंगबद्दल बोलत नाही. बोलले तर लेख तिथेच संपेल.

दुकानात माझ्याआधी एक गृहस्थ उभे होते. सत्तरीचे, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पक्ष्याच्या आवाजाची डोअरबेल परत करायला आले होते. तक्रार अशी, की पक्षी थांबत नाही. काउंटरवरचा मुलगा बेल वायरीला लावायचा, पक्षी किलबिलायचा, गृहस्थ म्हणायचे, "बघ." मुलगा वायर काढायचा. पुन्हा लावायचा. "बघ."

मी पॅक काउंटरवर ठेवला. गृहस्थांनी पॅककडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"ताईंना विचार, किती जुनी आहे," ते मुलाला म्हणाले.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी साल सांगितलं.

"मग गेलीच. पण पूर्ण नाही. ताईंना सांग, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची."

किलबिल.

"आणि डब्यात ठेवायला सांग. नाहीतर वास लागतो."

"कशाला वास लागतो?" मी थेट त्यांनाच विचारलं.

"बर्फाला," ते मुलाला म्हणाले.

आता बघा, मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी. मराठीच बोलत होते. तरी आमचं संभाषण त्या विशीतल्या पोरामार्फत चाललेलं, आणि तो बिचारा मान इकडून तिकडे वळवत होता. मीही एकदा करून पाहिलं. म्हटलं, "काकांना सांग, थंडीने बॅटरीची झीज हळू होते, झालेली भरून येत नाही." मुलाने काही सांगितलं नाही. निरोप एकाच दिशेने जात होते.

"निकड आहे ना?" काकांनी पॅकवर टिचकी मारली. निकड म्हणजे निकेल-कॅडमियम. "निकडला झटका लागतो. आमच्या डेपोत ट्रकच्या बॅटरीवरून द्यायचो. नुसतं टेकवायचं आणि काढायचं. सेल खाडकन उठतो. ताईंना सांग, घरी स्कूटर असेलच."

राग याचाच येतो, की माणूस अगदीच चुकीचं बोलत नव्हता. निकेल-कॅडमियम सेल जुना झाला की आत धातूचे केसासारखे बारीक तंतू वाढतात, दोन पट्ट्यांना जाऊन भिडतात आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. मोठा करंट क्षणभर सोडला की तो तंतू जळतो आणि सेल उठतो. पण मधल्या पडद्याला पडलेलं भोक तसंच राहतं, थोड्या दिवसांत तंतू परत येतो, आणि बंद डब्यातल्या रसायनाला असे झटके देताना सेल फुटला तर डोळ्यांवर येतो. काकांच्या डेपोत उठलेले सेल पुढे किती दिवस जगले, ते काकांनी सांगितलं नाही.

मुलाने स्क्रू काढून पॅक उघडला. आत दहा सेल, प्रत्येक अंगठ्याहून जाड, प्रत्येकी 1.2 व्होल्टचा, एकापुढे एक जोडलेले. एका सेलच्या बुडाशी पांढरी बुरशीसारखी भुकटी. मल्टिमीटर लावला. आठ सेल कसेबसे तग धरून, दोन शून्य.

"दोनच गेलेत! ताईंना सांग, दोनच बदलायचे. आठ कशाला फेकायचे?"

म्हटलं, "काका, नव्या-जुन्यांची मोट बांधली की जुन्यातला कमजोर आधी रिकामा होतो, आणि बाकीचे त्याच्यातून उलटा करंट ढकलत राहतात. महिन्याभरात तोही जातो."

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे वळून मंद हसले.

"ताईंनी यूट्यूब पाहिलंय."

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय हे सांगायला तोंड उघडलं, आणि पक्षी सुरू झाला. या वेळी खरंच थांबेना. काका विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ!" त्यांची तक्रार सिद्ध झाली आणि माझा डिप्लोमा राहूनच गेला. अजून खुपतंय. काल रात्री गॅस बंद करताना मी ते वाक्य मोठ्याने म्हणून टाकलं.

मुलाचा सल्ला वेगळा होता. "ताई, सोडा ना. यात पैसे घालू नका. नवीन लिथियमवालं घ्या, बिटचा सेट फ्री." सेल आणि मजुरी मिळून 1,800, नवीन मशीन 2,300. हिशेबाने त्याचं बरोबर. पण या हिशेबात चालू मोटर कचऱ्यात जाते, ती कोणाच्या खात्यावर? आणि नवीन घेतलं की दहा वर्षांनी पुन्हा हेच, कारण प्रत्येक कंपनीची खाच वेगळी. आत तेच सेल, 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, म्हणूनच त्याला 18650 म्हणतात. बाहेरच्या प्लास्टिकला मात्र असा खटका, की एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनमध्ये शिरता कामा नये. व्होल्टची तर निव्वळ थट्टा. पाच लिथियम सेल जोडले की एक जण खोक्यावर 18 छापतो, दुसरा 20. प्रत्येक सेल 3.6 धरला तर 18, नुकत्याच चार्ज केलेल्या सेलचे चार धरले तर 20. माल तोच, पण गिऱ्हाइकाला वाटतं वीसवालं जोरकस. शेजारच्या टपरीवर तर याच मापाचे 9900 एमएएच लिहिलेले सेल लटकत होते. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप. या आकारात चांगल्यात चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास जातो. टपरीवरचा हातात घेतला तर पोकळ असल्यासारखा हलका. लिहायला काय, शाई स्वस्त आहे.

शेवटी मी हट्टाने लिथियमचे सेल त्याच जुन्या खोक्यात बसवून घेतले. दुकानाच्या माळ्यावर वेल्डिंगवाले दादा बसतात. त्यांनी पहिला प्रश्न केला, "मशीन किती ओढतं?" मला गहिवरून आलं. ड्रिल अडलं की एका दमात वीस-वीस अँपिअर मागतं, तिथे लॅपटॉपमधून काढलेले सेल टिकत नाहीत, जास्त करंट देणारेच लागतात, हे त्यांना सांगावं लागलं नाही. तीन जोड्या मांडल्या, निकेलची पट्टी ठेवली आणि तांब्याच्या दोन टोकांनी टिक्, टिक्. पट्टीवर दोन बारीक ठिपके. डाग द्यायची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, सेलवर टेकवून धरली तर आतला माल भाजतो, इथे काम डोळ्यांची पापणी लवायच्या आत. वर संरक्षणाचं कार्ड, आणि चार्जर नवा, कारण जुन्याला लिथियमपुढे कुठे थांबायचं ते कळत नाही.

खाली आले तर काका अजून तिथेच. मुलाने माझ्या हातात पिशवी दिली. "ताई, हे तुमचे जुने."

"यात कॅडमियम आहे, विषारी. तुम्ही ठेवून घ्या ना."

"आम्ही नाही घेत."

काका म्हणाले, "ताईंना सांग, रद्दीवाल्याला वजनावर द्यायचे."

प्रत्येक सेलवर चाकांच्या कचराकुंडीवर फुली मारलेलं चित्र, खाली 'Cd' ही अक्षरं, म्हणजे कॅडमियम. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे. मी पुन्हा सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तीच मुलगी. "मॅडम, नवीन मॉडेल घेताय का? मग विचारून सांगते." सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना पिशवी दाखवली. त्यांनी आत डोकावून विचारलं, "ओला का सुका?"

सेल सध्या स्कूटरच्या डिकीत आहेत. पुण्यात असे सेल खरोखर घेणारं ठिकाण कोणाला माहीत असेल तर कळवा. फ्रीजर सुचवू नका.