झिणझिण्या, गायब होणारे पेडल आणि हलणारी फ्रेम: आपल्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. आमची फ्रेम वापरून आपण घरी लावलेल्या फ्लाइट सिम्युलेटरबद्दलचा (संगणकावर विमान उडवण्याच्या सेटअपबद्दलचा) आपला अभिप्राय पूर्ण वाचला आणि सोबतचे फोटो मोठे करून पाहिले. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा: योक (विमानाचं हँडल) ओढताना अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम हलते, ऐन लँडिंगच्या वेळी रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारे पायाचे पेडल) संगणकावरून गायब होतात, बाजूच्या स्क्रीनवर रनवे ताणलेला दिसतो, मुलाच्या वैमानिक प्रशिक्षणात या सगळ्याचा काही उपयोग नाही, आणि फ्रेमला अनवाणी पाय लागला की झिणझिण्या येतात. घरी असा सेटअप लावणाऱ्या बऱ्याच जणांना हेच प्रश्न पडतात, म्हणून उत्तर इथेच सविस्तर देत आहोत. क्रम मात्र बदलून घेतो. झिणझिण्यांची गोष्ट आपण शेवटच्या ओळीत लिहिलीत, पण सगळ्यात आधी बघायची ती तीच आहे.

कृपया पीसीच्या प्लगची जोडणी दुरुस्त होईपर्यंत सेटअप बंद ठेवा. आपल्या फोटोत पीसीची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमधून एक्स्टेंशन बोर्डात गेलेली दिसते. त्या अ‍ॅडॉप्टरमध्ये अर्थिंग तुटतं. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग जोडलेलं असलं की त्यांतून होणारी किंचित गळती जमिनीत जाते. ते नसलं की कॅबिनेट साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. यूएसबी केबलच्या बाहेरची जाळी कॅबिनेटलाच जोडलेली असल्यामुळे तोच दाब पेडलपर्यंत आणि फ्रेमपर्यंत पोचतो. गळती फार थोडी असते म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या कुठे खराखुरा बिघाड झाला, तर वाचवणारी वायरच तिथे नाही.

परवानाधारक वायरमनकडून भिंतीतला सॉकेट मल्टिमीटरने तपासून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे २३० व्होल्टच्या आसपास हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. पीसी आणि इतर उपकरणं चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आलं, तर सॉकेट उघडून बघायला सांगा. काही ठिकाणी अर्थची वायरच नसते आणि सॉकेटच्या आत न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून दिलेला असतो. ते फार धोक्याचं आहे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर याच फेरीत बसवून घ्या. पीसी, तिन्ही मॉनिटर आणि (पुढे सांगितलेल्या) नव्या यूएसबी हबचा अ‍ॅडॉप्टर एकाच चांगल्या, अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या.

फ्रेमलाही स्वतंत्र अर्थ वायर द्यायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलवरचा (फ्रेमच्या खाचा असलेल्या दांड्यांवरचा) अ‍ॅनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही. वायर नुसती बोल्टखाली दाबली तर जोड झाल्यासारखा वाटतो, पण होत नाही. त्या जागी थर खरवडा, दातेरी वॉशर घाला आणि मीटरने खात्री करा.

आता पेडल. ते गायब होतात तेव्हा विंडोजचा उपकरण निघाल्याचा आवाज येतो का, हे ऐका. आवाज आला तर दोष वीज किंवा केबलचा. आवाज न येता रडर आपोआप एका बाजूला उडी मारत असेल, तर पेडलच्या आतला सेन्सर बघावा लागेल. त्यातल्या पोटेन्शिओमीटरवर (पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या भागावर) धूळ बसली की असं होतं. ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ ही खिडकी उघडून पेडल हळूहळू दाबलेत की रेघ थरथरते की सरळ सरकते, ते दिसेल.

आपल्या वर्णनावरून आम्हाला पहिली शक्यता वाटते. फोटोतल्या एकाच छोट्या हबवर (एका यूएसबी पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) योक, थ्रॉटल, पेडल, रेडिओ पॅनेल आणि हेडसेट अशी पाच उपकरणं आहेत आणि हबला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नाही. यूएसबी २.० चा पोर्ट एकूण ५०० मिलिअँपिअर देतो, ते पाच जणांत वाटले जातात. शिवाय फायनल अ‍ॅप्रोचवर (धावपट्टीकडे सरळ उतरत येताना) आपण पेडलवर जोरात पाय देता. त्या वेळी पेडलची पाटी सरकते आणि केबल ओढली जाते. ती केबल फ्रेमला ताणून बांधलेली दिसते. पेडलजवळ हातभर सैल वळण ठेवा. पेडल आणि योक थेट पीसीच्या मागच्या पोर्टांत लावा, उरलेली उपकरणं ५ व्होल्ट, ३ अँपिअरच्या स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या हबमध्ये. साधी यूएसबी २.० केबल एकूण ५ मीटरच्या आत ठेवा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ खाली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या पर्यायावरची खूण हटवा आणि पॉवर प्लॅनमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. शेवटी कुठलं उपकरण कुठल्या पोर्टात आहे, याच्या चिठ्ठ्या चिकटवा. पोर्ट बदलला की कधीकधी सिम्युलेटर तेच उपकरण नवीन समजतो आणि सगळी बटणं पुन्हा नेमावी लागतात.

हे सगळं अर्थिंगच्या नंतर करा. फ्रेम तरंगत असताना धातूला पाय लागण्याच्या क्षणी यूएसबीमध्ये अडथळा येऊ शकतो, आणि मग खरं कारण कुठलं ते कळत नाही. अर्थिंग झाल्यावर दोन्ही तक्रारी एकदमच गेल्या तर आम्हाला आश्चर्य वाटणार नाही.

फ्रेमबद्दल. जास्त जाडीची फ्रेम घ्या, असं आम्ही सांगणार नाही. तळाला ४०८० (४०×८० मि.मी.) आणि उभ्याला ४०४० (४०×४० मि.मी.) प्रोफाइल योकसाठी पुरेसं आहे. ५०-६० किलोचा दाब घेणारे रेसिंग गेमचे लोडसेल (पायाचा दाब मोजणारे) ब्रेक बसवणार असाल तरच त्याहून जड फ्रेमचा विचार करा. हलण्याचं नेहमीचं कारण असतं टी-नट, म्हणजे प्रोफाइलच्या खाचेत बसून बोल्ट धरणारा नट. खाचेत टाकलेला नट बोल्ट फिरवताना आडवा वळायला हवा. तो खाचेला समांतरच राहिला तरी बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण पकड येत नाही. योकच्या पाटीखालचे चारही बोल्ट सैल करून प्रोफाइलच्या टोकाकडून डोकावून बघा, मग पुन्हा कसा. कसण्याआधी तळाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, फरक २ मि.मी.च्या आत हवा, आणि कोपऱ्यांना गुण्या लावा. सगळे पाय लादीला टेकेपर्यंत फिरवा. नवीन फ्रेमचे बोल्ट आठ-दहा दिवसांच्या वापरानंतर एकदा परत कसावेच लागतात. आणि मॉनिटर फ्रेमवर टांगू नका: तीन स्क्रीनचं वजन उंचावर असलं की योकचा प्रत्येक धक्का चित्रात दिसतो. स्टँड वेगळा, जमिनीवर उभा ठेवा.

ताणलेला रनवे हा अंशांचा हिशेब आहे. आपण एक्स-प्लेन १२ हा सिम्युलेटर वापरता आणि तिन्ही स्क्रीन जोडून एकच रुंद चित्र केलं आहे. एका सपाट चित्राच्या कडा ताणल्या जाणारच. तिन्ही मॉनिटर सुटे करून प्रत्येकाला स्वतंत्र दृश्य द्या. २७ इंची स्क्रीनची रुंदी साधारण ६० सें.मी. असते. डोळे ६५ सें.मी.वर असतील तर एका स्क्रीनचा कोन सुमारे ४९ अंश होतो, ९० सें.मी.वर तो ३७ च राहतो. म्हणून आधी सीट पक्की करा, नाकापासून काचेपर्यंत टेपने मोजा, मग आकडा भरा. ६५ सें.मी.ला लॅटरल फील्ड ऑफ व्ह्यू (आडवा दृश्यकोन) ४९, डाव्या स्क्रीनचा ऑफसेट (दृश्य बाजूला वळवण्याचा कोन) उणे ५०, उजव्याचा अधिक ५०. जादाचा एक अंश मधल्या कडांचा. मॉनिटरही प्रत्यक्षात तेवढेच वळलेले हवेत. तीन दृश्यांमुळे ग्राफिक्स कार्डावरचा भार बराच वाढतो, तेव्हा ढगांची आणि सावल्यांची गुणवत्ता एक पायरी खाली आणा.

मुलाच्या प्रशिक्षणाबद्दल स्पष्टच सांगतो. घरच्या कॉकपिटवरचे तास डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवान्यासाठी मोजले जात नाहीत. त्यासाठी मान्यताप्राप्त सिम्युलेटरच लागतो. फ्लेअरच्या वेळी (टेकण्याआधी नाक किंचित उचलताना) अंगाला जे जाणवतं, तेही इथे मिळणार नाही. पण चेकलिस्टचा क्रम हाताला बसवणं, सर्किटमधले (धावपट्टीभोवतीच्या फेरीतले) वळणांचे टप्पे, रेडिओवरची वाक्यं, व्हीओआर (जमिनीवरचं दिशादर्शक रेडिओ केंद्र) धरून उडणं, उपकरणांवरून नजर फिरवण्याची शिस्त, या सगळ्याचा सराव इथे उत्तम होतो आणि विमानातल्या महागड्या तासात तोच वेळ वाचतो. एक सवय मात्र लागू देऊ नका. सिम्युलेटरवर शिकलेली मुलं खऱ्या विमानात बाहेर बघण्याऐवजी काट्यांकडेच बघत बसतात, अशी प्रशिक्षकांची नेहमीची तक्रार असते. दृश्य उड्डाणाचा सराव करताना स्क्रीनवरचं पॅनेल लपवा आणि नाक क्षितिजाच्या कुठे आहे, यावरून वेग ओळखायला लावा.

आमच्याकडून असं: आमचा तंत्रज्ञ मीटर, गुण्या आणि जादा टी-नट घेऊन येईल, फ्रेम आपल्यासमोर कसून देईल, याचे पैसे नाहीत. सॉकेटचं काम मात्र आपल्या वायरमनकडूनच, आणि आमचा माणूस येण्याआधी. एवढं करूनही योक ओढताना फ्रेम हलली, तर ती आम्ही परत घेऊन बिलाची पूर्ण रक्कम देऊ. येण्याची वेळ ठरवण्यासाठी बिलावरच्या क्रमांकावर कळवा, आणि तोवर तो दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर काढून टाका.