२५० तासांत कम्युटर विमानाचा कॅप्टन? तो नियम पूर्ण वाचा

‘अमेरिकेत २५० तास उडवून कमर्शियल लायसन्स घ्या आणि लगेच नऊ आसनी कम्युटर विमानाचे कॅप्टन व्हा. १५०० तासांची अट फक्त मोठ्या कंपन्यांना आहे, तीही बफेलोच्या अपघातातले वैमानिक नवखे होते म्हणून आली.’ मुलांना वैमानिक करू पाहणाऱ्या पालकांमध्ये हा मजकूर सतत फिरतो. कर्ज काढण्याआधी त्यातलं खरं-खोटं कळायलाच हवं.

२५० तासांवर लायसन्स मिळतं, हे खरं आहे. मान्यताप्राप्त शाळेत तर १९० तासांवरही मिळतं. पण प्रवासी विमानात कॅप्टनच्या खुर्चीत कोणी बसायचं, हे लायसन्स ठरवत नाही. ते अमेरिकी विमान नियमांच्या पार्ट १३५ मधलं, म्हणजे छोट्या प्रवासी सेवांच्या भागातलं, कलम १३५.२४३ ठरवतं. बाहेर बघत, म्हणजे व्हीएफआरने उडायचं तर किमान ५०० तास लागतात. ढगांतून, उपकरणांच्या भरवशावर उडायचं तर १२००, आणि त्यात १०० तास रात्रीचे. या दोन्हींपासून २५० फार लांब आहेत.

‘अट फक्त मोठ्या कंपन्यांना’ हा दावा तर सर्वांत घातक. जेट नसलेलं, जास्तीत जास्त नऊ प्रवासी आसनांचं विमान एखाद्या मार्गावर ठरलेल्या वेळापत्रकाने आठवड्याला किमान पाच फेऱ्या करत असेल, तर ती कम्युटर सेवा. तिथे विमानाला दोन इंजिनं असली की कॅप्टनला एटीपी, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट हे सर्वांत वरचं लायसन्सच लागतं: १५०० तास आणि वय २३. म्हणून वेळापत्रकावरच्या, दोन इंजिनांच्या सेस्ना ४०२ ची कमान कमर्शियल लायसन्सवर मिळत नाही. तेच विमान चार्टरला, म्हणजे वेळापत्रकाशिवाय भाड्याने निघालं तर १२०० तासांचा कमर्शियल वैमानिक ते नेऊ शकतो. एका इंजिनाचं, नऊ आसनी कॅराव्हॅन तर तो वेळापत्रकावरही नेऊ शकतो. मात्र कम्युटर सेवेत को-पायलटऐवजी ऑटोपायलटवर एकट्याने जायचं असेल, तर त्याच मॉडेलवर कॅप्टन म्हणून १०० तास आधी हवेत.

काही जण कमी तासांच्या ‘रिस्ट्रिक्टेड एटीपी’चा दाखला देतात. तो इथे चालत नाही. जिथे १३५.२४३ पूर्ण एटीपी मागतं, तिथे या लायसन्सवर कॅप्टन होण्याची स्पष्ट मनाई आहे.

आता बफेलो. १२ फेब्रुवारी २००९ ला न्यूयॉर्क राज्यातल्या या शहराजवळ कोल्गन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान कोसळलं आणि ५० माणसं गेली. कॅप्टनचे ३,३७९ तास झाले होते, को-पायलटचे २,२४४. नवखं कोणीच नव्हतं. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल जाण्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने नाक खाली घालण्याऐवजी वर ओढलं, असं चौकशीत निघालं. मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केला. त्यातून २०१० चा कायदा आला आणि २०१३ पासून मोठ्या विमान कंपन्यांच्या को-पायलटलाही एटीपी लागू लागलं. तिथल्या कॅप्टनला ते त्याआधीपासूनच लागत होतं. कम्युटर कॅप्टनची अटही या अपघाताने आणलेली नाही.

इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे उपकरणांवर उडण्याची परवानगी असलेल्या कमर्शियल वैमानिकाला पार्ट १३५ मध्ये को-पायलट होता येतं. इन्स्ट्रक्टरचं रेटिंग घेतलं तर शिकवता येतं. हवाई सर्वेक्षणाची उड्डाणं त्याशिवायही करता येतात. २५० पासून १२०० पर्यंतचे ९५० तास बहुतेक जण शिकवूनच भरतात. फीचा हिशोब मांडताना ही वर्षंही त्यात धरा.