पाचशे रुपयांत रिमोट चावी मिळते, या संदेशाला उत्तर

गेल्या काही आठवड्यांत एकच संदेश मला जालना, परभणी आणि लातूर अशा तीन ठिकाणच्या ओळखीच्या लोकांनी पाठवला आणि तिघांनीही खाली एकच विचारले, हे खरे आहे का? संदेशाचा आशय असा आहे. मोटारीची रिमोट चावी हरवली तर शोरूमची पायरी चढू नये, कारण तिथे केवळ लूट होते. चार-पाचशे रुपयांचा रिमोट ऑनलाइन मागवून चावीवाल्याकडून पाते कापून घेतले की काम भागते. दुसरी चावी घरी असेल तर फोनवरून तिचे बटण दाबून गाडी उघडता येते. रिमोटची बॅटरी संपली की ती चावी बाद झाली असे समजावे. पोलिसांकडे नोंद करण्याचे कारण नाही आणि विम्याचा तर या गोष्टीशी काही संबंधच नाही. मी गेली अनेक वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आणि चावीमुळे अडकलेली गाडी माझ्याकडे नेहमी येते, म्हणून या संदेशाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. त्यातील लुटीच्या मुद्द्यात काही तथ्य आहे आणि ते मी पुढे मान्य केले आहे. उरलेल्या गोष्टींवर विसंबणाऱ्याचे पैसे तरी जातात किंवा गाडी तरी अडकते.

आधी पाचशे रुपयांच्या रिमोटचा मुद्दा घेऊ, कारण सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. आपण जिला एक चावी म्हणतो तिच्यात प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. कुलूप फिरवणारे लोखंडी पाते ही पहिली आणि दार उघडण्या-लावण्याचे बटणांचे सर्किट ही दुसरी. तिसरी वस्तू बहुतेकांना ठाऊक नसते, ती म्हणजे इमोबिलायझरची चिप. ही चिप कधी भाताच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी असते, कधी हरभऱ्याच्या दाण्याएवढा काळा तुकडा असतो, तर काही नव्या चाव्यांत ती सर्किटवरच बसवलेली असते. चावी इग्निशनमध्ये घातली की कुलपाभोवती असलेली तारेची कडी चिपला क्षणभर ऊर्जा पुरवते, चिप आपली ओळख सांगते आणि ती ओळख गाडीच्या स्मृतीत नोंदलेली असेल तरच इंजिन चालू राहते. डॅशबोर्डखालच्या दोन तारा जोडून गाडी पळवण्याचा जुना प्रकार बंद व्हावा यासाठीच ही व्यवस्था आली. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली आणि आपल्याकडेही आता साध्या हॅचबॅकमध्येसुद्धा ती सर्रास आढळते.

आता ऑनलाइन तीनशे ते पाचशे रुपयांना जी वस्तू मिळते तिचे चित्र नीट पाहावे. ती बहुतेक वेळा रिमोटची नुसती बॉडी असते, म्हणजे बटणांच्या जागा असलेले रिकामे प्लास्टिक, ज्यात सर्किटही नसते आणि चिपही नसते. जुन्या चावीचे प्लास्टिक झिजले किंवा फुटले असेल तर आतले सामान हलवण्यासाठी ती उपयोगी आहे, हरवलेल्या चावीच्या जागी नाही. या बॉडीबदलातही एक चूक वारंवार होते. मंठा तालुक्यातील एका शिक्षकांची गाडी मागच्या वर्षी माझ्याकडे आली, ती टोचन करूनच आणावी लागली. रिमोटने दारे उघडत होती, पाते कुलपात फिरत होते, इंजिन क्षणभर सुरू होऊन बंद पडत होते आणि डॅशबोर्डवर चावीचे चित्र असलेला दिवा लुकलुकत होता. सरांनी घरीच बॉडी बदलली होती. सर्किट आणि पाते त्यांनी आठवणीने नव्या बॉडीत घातले, पण जुन्या बॉडीच्या कोपऱ्यातील खाचेत बसलेला काळा तुकडा त्यांना प्लास्टिकचाच भाग वाटला. जुनी बॉडी कचऱ्यात गेली होती. सुदैवाने घंटागाडी अजून आली नव्हती. त्यांच्या मुलाने डबा उपडा करून बॉडी शोधली, एसटीच्या गाडीने पाठवली आणि चिमट्याने तो तुकडा काढून नव्या खाचेत बसवल्यावर गाडी पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली.

ज्यात खरोखर सर्किट आणि चिप आहे असा रिमोट घेतला, तरी तो त्याच मॉडेलचा, त्याच फ्रिक्वेन्सीचा आणि त्याच प्रकारच्या चिपचा असावा लागतो आणि त्यानंतर गाडीला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाशी बोलणारे यंत्र, लावून त्याचे कोडिंग, म्हणजे गाडीच्या स्मृतीत नोंद, करावे लागते. दुसऱ्या गाडीतून निघालेला जुना रिमोट स्वस्तात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बऱ्याच चिपा पहिल्या गाडीशी एकदा बांधल्या गेल्या की दुसऱ्या गाडीत नोंदल्या जात नाहीत.

फोनवरून गाडी उघडण्याची गोष्ट फार जुनी आहे आणि ती माझ्या घरातही खरी मानली गेली होती. मे महिन्यात अंबाजोगाईला नात्यातील लग्न होते, तिथे माझ्या चुलतभावाच्या हातून चावी मांडवाच्या गर्दीत कुठेतरी पडली. दुसरी चावी छत्रपती संभाजीनगरला घरी, म्हणजे दोनशेहून अधिक किलोमीटर लांब होती. मी संध्याकाळी तिथे पोहोचलो, तोवर दुपारभर तिकडे वहिनी रिमोट फोनच्या तोंडाशी धरून बटण दाबत होत्या आणि इकडे दादा उन्हात तापलेल्या दाराला फोन टेकवून उभे होते. दार उघडले नाही आणि उघडणारही नव्हते. रिमोट आवाज काढत नाही, तो रेडिओलहरी सोडतो. आपल्याकडील पुष्कळ रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३ कोटी कंपनांवर चालतात. फोन मात्र माणसाचा आवाज वाहून नेतो आणि साध्या कॉलमध्ये तो साधारण ३०० ते ३४०० कंपनांपुरता असतो. फोनच्या माइकला रिमोटची लहर ऐकूच येत नाही, मग ती पलीकडे पोहोचणार कशी? रात्री निघणाऱ्या एका ट्रॅव्हल्सच्या चालकाकडे वहिनींनी चावी दिली आणि पहाटे ती आमच्या हातात आली.

या गैरसमजाला अलीकडे एक नवे कारण मिळाले आहे, तेही सांगितले पाहिजे. काही नव्या गाड्यांत कंपनीचेच सिम असते आणि मालकाच्या मोबाइलमधील ॲपवरून त्या लांबूनही उघडता येतात. तिथे आज्ञा इंटरनेटवरून थेट गाडीतील सिमपर्यंत जाते, रिमोटचा त्यात काही भाग नसतो. अशी गाडी असेल तर ॲपची नोंदणी गाडी ताब्यात घेतानाच पूर्ण करून ठेवावी.

बॅटरीचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. रिमोटमध्ये तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो, बहुधा सीआर२०३२ किंवा त्याच कुळातील दुसरा, आणि तो घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो. हा सेल संपला तर फक्त बटणे बंद पडतात. चिपला सेलची गरजच नसते, कारण तिला ऊर्जा गाडीच्या कडीतून मिळते, त्यामुळे पाते फिरवून दार उघडावे आणि नेहमीप्रमाणे गाडी सुरू करावी. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या स्मार्ट चावीतही एक बारीक पाते दडवलेले असते. त्याने दार उघडून चावी स्टार्ट बटणाला टेकवली, किंवा काही गाड्यांत तिच्यासाठी नेमून दिलेल्या जागी ठेवली, की इंजिन सुरू होते. नेमकी जागा गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेली असते. अशी धडधाकट चावी बाद समजून नवी करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

आता शोरूमच्या लुटीचा मुद्दा. रिमोट चावीला शोरूममध्ये काही हजार रुपये लागतात आणि स्मार्ट चावीला त्याहून बरेच अधिक, ही तक्रार खरी आहे. एक चावी हरवली एवढ्यावर सगळी कुलपे बदलण्याचा, म्हणजे पूर्ण लॉकसेटचा, खर्च काही ठिकाणी सांगितला जातो हेही खरे आहे. अशा वेळी लेखी अंदाजपत्रक मागावे आणि हरवलेली चावी गाडीच्या स्मृतीतून पुसून नवी नोंदता येत असताना कुलपे का बदलायची, असे स्पष्ट विचारावे. पुसलेल्या चावीने इंजिन सुरू होत नाही, पण तिचे पाते दार उघडू शकते. त्यामुळे चावी गाडीच्या कागदपत्रांसह किंवा घराच्या पत्त्यासह गेली असेल तर कुलपे बदलण्यात अर्थ आहे, एरवी बहुधा नाही. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

बाहेरच्या कारागिराकडून चावी करून घेण्यालाही माझा विरोध नाही. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी स्कॅनर बाळगणारे, चिप वाचून हुबेहूब दुसरी चिप तयार करणारे चांगले कारागीर आहेत. केवळ त्यांच्याकडून चावी केली म्हणून गाडीची सगळी वॉरंटी संपत नाही, मात्र त्या कामातून एखादा बिघाड झाला तर त्याची जबाबदारी कंपनी घेणार नाही, हे लक्षात ठेवावे. कोडिंग चालू असताना गाडीची बॅटरी पुरेशी चार्ज असलीच पाहिजे. काम अर्ध्यावर तुटले तर दुरुस्ती चावीपेक्षा महाग पडते.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. एक चावी हातात असताना दुसरी करणे आणि एकही चावी नसताना पहिली करणे, ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. पहिल्या कामासाठी गाडी चालवत कारागिरापर्यंत नेता येते आणि जुन्या चिपचा आधार मिळतो. दुसऱ्या कामात गाडी जागेवरून हलत नाही, बऱ्याच मॉडेलांना नवी चावी नोंदण्यासाठी कंपनीकडून सुरक्षा पिन, म्हणजे गुप्त क्रमांक, मिळवावा लागतो, पाते कापायला चावीचा क्रमांक लागतो आणि नवी चावी मागवली तर ती येईपर्यंत थांबावे लागते. पुण्या-मुंबईत हे एका फोनवर होत असेल. आपल्याकडे अर्धापूरला किंवा भूमला बंद पडलेली गाडी जिल्ह्याच्या गावापर्यंत न्यायची तर फ्लॅटबेडचे, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या ट्रकचे, भाडे आधी मोजावे लागते आणि तिथे त्या कंपनीचे वर्कशॉप नसेल तर पुढच्या जिल्ह्यापर्यंतचे. नवी गाडी घेताना चाव्यांच्या गुच्छाला क्रमांक कोरलेली एक लहान पट्टी अनेकदा असते. पाते कापायला लागणारा क्रमांक तोच. पुष्कळ घरांत तिला निरुपयोगी समजून फेकून देतात किंवा ती चावीलाच लटकत राहते आणि चावीबरोबरच हरवते. ती काढून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावी आणि तिचा फोटोही काढून ठेवावा.

पोलिस आणि विमा हे दोन मुद्दे संदेशाने वेगळे केले असले तरी ते एकमेकांत गुंतलेले आहेत. शोरूममध्ये नवी चावी मागताना आरसी आणि ओळखपत्र लागते आणि पुष्कळदा चावी हरवल्याच्या पोलिस नोंदीची प्रतही मागतात. ही अडवणूक नाही. नुसत्या चेसिस क्रमांकावर कोणालाही चावी मिळू लागली तर आपल्याच गाडीचे काय होईल, याचा विचार करावा. नोंद करताना आणखी एक काळजी घ्यावी. चावी असलेली पर्स कोणी बसमध्ये किंवा बाजारात लांबवली असेल तर ती ‘गहाळ’ म्हणून लिहून देऊ नये, चोरी म्हणूनच तक्रार द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ३०३ आहे.

विम्याच्या मूळ पॉलिसीत हरवलेल्या चावीचा खर्च सहसा मिळत नाही, एवढ्यापुरता संदेश बरोबर आहे. मात्र चावीसाठी वेगळे ॲड-ऑन संरक्षण मिळते आणि महागड्या स्मार्ट चावीच्या गाडीला ते घेण्यासारखे आहे. त्याहून मोठी बाब अशी की, उद्या गाडीच चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी गाडीच्या सगळ्या मूळ चाव्या मागते. दोनपैकी एक नसेल आणि ती केव्हा, कुठे हरवली याची कुठेच नोंद नसेल, तर चावी गाडीतच ठेवून मालकाने निष्काळजीपणा केला, अशी शंका घेतली जाते आणि काही लाखांचा दावा एका कागदाअभावी अडतो. गाडीची राखण करण्यासाठी वाजवी काळजी घेणे ही पॉलिसीतील अटच आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांना हे सर्व दुपटीने लागू होते. विकणारा एकच चावी देऊन दुसरी हरवली असे सांगत असेल, तर ती चावी कोणाच्या तरी हातात आहे असे धरूनच व्यवहार करावा. नव्या चावीचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा आणि कोडिंगच्या वेळी जुन्या सगळ्या नोंदी पुसून फक्त आपल्याजवळच्या चाव्या नोंदवून घ्याव्यात. गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत, हे बऱ्याच गाड्यांत स्कॅनरच्या पडद्यावर दिसते, ते स्वतः पाहावे.

नवी चावी ताब्यात घेताना एक चाचणी मात्र कारागिरासमोरच करावी. जुनी चावी गुच्छातून काढून दहा-पंधरा पावले दूर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यावी आणि मग एकट्या नव्या चावीने गाडी सुरू करावी. दोन्ही चाव्या एकाच कडीत असतील तर कुलपाजवळ लोंबणाऱ्या जुन्या चिपची ओळख गाडी वाचते आणि नवीत चिपच नसली तरी इंजिन सुरू होते. दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवावे, बंद करावे, पुन्हा सुरू करावे, दारे आणि डिकी बटणाने व पात्याने अशी दोन्ही प्रकारे उघडून पाहावीत आणि त्यानंतरच पैसे द्यावेत.