निळा गुलाब खरा म्हणायचा का?

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला द्यायला म्हणून सुन्यानं निळा गुलाब घेतला आणि तो हातात घेऊनच टिळकवाडीच्या आमच्या कट्ट्यावर आला. चहा यायच्या आत परश्या म्हणाला, "रंगवलाय रे तो."

"काय बोलालास? चांगले पैसे मोजून आणलोय!"

नर्सरीत काम करणाऱ्या मारुतीनं फूल घेतलं. पाकळ्यांच्या कडा आणि शिरा गडद, मधला भाग फिकट. देठावरच्या पानाची कडही निळसर. त्यानं देठाचं टोक नखानं खरवडलं, तर आतही निळं. "पांढऱ्या गुलाबाचा दांडा रंगाच्या पाण्यात ठेवतात, रंग वर चढतो. ह्याचं कलम लावलास तर फूल पांढरंच येणार."

सुन्या तापला. "मग लाल सोडून बाकी सगळे माणसानंच केलेले की!"

हे मला अजिबात पटलं नाही. युरोपच्या बागांत तो भडक लाल अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी जाती पोचल्यावर आला. त्याआधी तिथं बहुतेक पांढरे, गुलाबी, फार तर जांभळट लाल. आणि गडद पिवळा तर पश्चिम आशियातल्या रोझा फीटिडा या रानगुलाबाच्या जातीचा स्वतःचा रंग. गुलाबाच्या नव्या जाती काढणाऱ्या फ्रान्सच्या पेर्ने-द्युशेनं तिच्याशी संकर करून १९०० साली 'सोलेय दोर' नावाचा गुलाब आणला. माणसानं जोडी जमवली, रंग गुलाबाच्या कुळातलाच.

"खरं त्याबरोबर दुखणं पण आलं की," मारुती म्हणाला. "पानांवर काळे ठिपके पडायची खोड तिच्याकडनंच आलीय."

निळ्याचं तसं नाही. निळेपणा देणारं डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य बनवायची सोयच गुलाबात नाही, मग कितीही संकर करा, येणार कुठून? जपानच्या सनटोरी कंपनीनं पॅन्सीच्या फुलाचं जनुक घालून तसा गुलाब केला, २००४ मध्ये जाहीर केला, २००९ मध्ये विकायला काढला. तरी तो दिसतो फिकट जांभळा, कारण गुलाबाच्या पाकळीतला रस आंबट, त्यात हे रंगद्रव्य पुरतं निळं उतरत नाही.

"उसनं जनुक घातलेला गुलाब खरा कसा?" परश्या हटेना. माझं मत स्पष्ट आहे: पाकळी स्वतः रंग तयार करते, तर तो खरा. देठातनं चढवलेला विकायचा तर विकणाऱ्यानं तसं सांगावं, एवढंच.

"त्या जपानीचं कलम लावलं तर जांभळंच फूल येणार न्हवं?" मारुती म्हणाला. "मग झालं की."

परश्याला अजून पटलेलं नाही.