षष्ठी आणि साष्टी

जमिनीच्या वारस नोंदीला वंशावळ लागते, वंशावळीला पुरावा. म्हणून काल वसईतल्या एका चर्चच्या ऑफिसात बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं काढायला लावली. जुन्या फेरफार नोंदीत आमचे पणजोबा 'जुवांव बिन बस्त्याव' आहेत. लॅटिनमधल्या रजिस्टरात मात्र तेच गृहस्थ 'योआनेस, फिलियुस सेबास्तियानी', म्हणजे सेबास्तियानचा मुलगा, होऊन बसलेले.

शेजारी एक अंकल नातीच्या लग्नाचा कागद न्यायला आले होते. चष्मा पुसून ते थेट माझ्या खांद्यावरून वाचू लागले.

"पासपोर्ट काय रे, पोर्तुगालचा?"

"नाही अंकल, जमीन."

"सगळे आधी असंच बोलतात."

मी सांगितलं, ती सोय 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना. वसई तर चिमाजी अप्पांनी 1739 मध्येच घेतली.

"म्हणजे उशीर केलास तू," अंकल हळहळले.

मग त्यांनी आजोबांच्या नोंदीवर बोट ठेवलं. "इथे बाप योआनिस. तिथे योआनेस. दोन भाऊ दिसतात."

"एकच माणूस. 'योआनेसचा मुलगा' म्हणायचं म्हणून योआनिस. षष्ठी आहे ती."

"साष्टीचे तुम्ही? मग वसईत जमीन कुठून आली?"

हे त्यांनी अशा आवाजात विचारलं की टेबलामागची बाईसुद्धा माझ्याकडे संशयाने बघू लागली. संस्कृतला शाळेत पैकीच्या पैकी मार्क मिळवून हे ऐकायचं!

बरं, फादर लोकांनी तरी किती छळावं? घरातल्या इनेसची आग्नेस, इझाबेलची एलिझाबेथ, लुइसचा अलॉयसियस. याकोबुस सापडला तर तो तियागो की जेम्स हे तुम्ही ठरवा. त्यात नावं तोडायची खोड. मारियाचा नुसता एम आणि डोक्यावर बारीकसा ए. ख्रिस्तोफरची सुरुवात एक्सने, कारण ग्रीकमधला 'ख' तसा दिसतो. अंकलच्या मते एक्स म्हणजे नाव ठाऊक नव्हतं, गणितात मानतात तसं मानलेलं. पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीत योआनेसमधली (Joannes) मधली अक्षरं गाळून नुसतं 'Joes' आणि वर आडवी रेघ. "हा जोज," अंकल म्हणाले. "होता आमच्या आळीत एक. फार प्यायचा."

बाईने दाखल्यांवर तिन्ही नावं जशीच्या तशी उतरवली आणि म्हणाली, नावात फरक आहे, प्रतिज्ञापत्र करा. म्हणजे ज्या माणसाला हयातभर जुवांवशिवाय कोणी हाक मारली नाही, तो जुवांव, योआनेस, योआनिस आणि जोज मिळून एकच होता, हे मी दस्तलेखक गाठून शपथेवर सांगायचं. फादरने घाईत अक्षरं खाल्ली, भुर्दंड मला! रागावून तरी कोणावर रागावणार? सही करणारे सगळे स्मशानात.

साक्षीदार हवा होता. अंकल स्वतःहून पुढे झाले, ठसठशीत 'पी. डी.' अशी सही केली. दस्तलेखकाने विचारलं, "पी म्हणजे काय?"

"आधारवर पास्कल, पॅनवर पास्कोल, रेशनकार्डावर पास्कू," अंकल म्हणाले. "तुला कुठलं सोपं पडतं ते लिही."