यंदाची २६ पुस्तकं आणि दोन न लिहिलेली नावं

डिसेंबर संपत आला की ज्याच्या त्याच्या भिंतीवर याद्या लागतात. माझीही घ्या. यंदा २६ पुस्तकं पुरी झाली, त्यातली १९ फँटसी. दोन अर्ध्यावर टाकली, त्यांचा हिशेब खाली येईल.

"पोरगी दहावीला आली, आणि तू अजून राक्षस-जादूगाराची पुस्तकं वाचायलीस?" असं सासूबाई महिन्यातून एकदा तरी विचारतात. मी हसून चहा टाकायला जाते. यंदा मात्र उत्तर सापडल्यासारखं झालं, म्हणून एवढी लांब पोस्ट. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढं जावं.

वर्षाची सुरुवात अमेरिकन लेखिका अर्सुला ल ग्विनपासून झाली. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ सालचं पुस्तक. कॉलेजात असताना एकदा वाचलं होतं, तेव्हा नुसती गोष्ट वाचली. एका बेटावरच्या कासाराचा पोरगा, अंगात जादू, शिकायला जातो आणि मस्ती अंगाशी येते. या वेळी डोक्यात बसली ती त्यातली नावांची गंमत. तिथं जादू म्हणजे छडी फिरवणं नव्हे. प्रत्येक दगडाला, पाखराला, माणसाला एक खरं नाव असतं. ते कळलं की त्याच्यावर सत्ता चालते. म्हणून माणसं चारचौघांत टोपणनावानं वावरतात आणि खरं नाव फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगतात. जादूच्या शाळेत पोरांना एका बुरुजात बसवून नावांच्या याद्या पाठ करायला लावतात, आणि मध्यरात्री कागदावरची शाई उडून जाते. आमच्या गुरुजींना हे कळलं असतं तर पाढ्यांसाठी हीच शाई मागवली असती.

पण मला खरं पकडलं ते दुसऱ्या भागानं, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'नं. तेनार नावाची लहान मुलगी. तिला देवीला सोडावं तसं देवस्थानात आणतात, विधी करतात आणि तिचं नाव काढून घेतात. त्या दिवसापासून ती 'अर्हा', म्हणजे खाल्ली गेलेली. अंधाऱ्या भुयारांची मालकीण होऊन ती वाढते. पुढं बाहेरून आलेला माणूस, म्हणजे पहिल्या भागातला तोच कासाराचा पोरगा, आता जादूगार झालेला, तिला तिच्या जुन्या नावानं हाक मारतो. एवढंच. तलवारबिलवार काही नाही. त्या पानावर मी पुस्तक उलटं ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

२००७ साली वडगावच्या एका कार्यालयात माझं लग्न झालं. विधी उरकल्यावर ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. पहिलं अक्षर घसरलं. भटजी म्हणाले, "ठळक काढा, फोटोत दिसू दे." बावीस वर्षं एका नावाला ओ देत होते, संध्याकाळपासून दुसऱ्या. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. सासूबाईंचंही तसंच बदललेलं, त्यांच्या सासूबाईंचंही. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला आणि मीही जेवले. 'अर्हा'चा अर्थ वाचला तेव्हा पहिल्यांदा तो भात आठवला. मग हिशेब केला (अकाउंट्समध्ये आहे मी, सवय जात नाही): तांदळात लिहिलं होतं ते नवं नाव. म्हणजे खाल्लं गेलं तेच. जुनं तसंच शिल्लक आहे.

तिसऱ्या भागानंतर ल ग्विनबाई अठरा वर्षं थांबल्या आणि १९९० साली त्यांनी 'तेहानू' लिहिलं. तेनार आता मध्यमवयीन, शेतकऱ्याची विधवा. गावात तिला 'गोहा' म्हणतात, तिथल्या एका लहानशा पांढऱ्या कोळ्याचं नाव. भांडी, शेळ्या, आगीत होरपळलेली एक पोर आणि आपली जादू गमावून परत आलेला तो जादूगार. "यात काही घडतच नाही" अशी तक्रार मी ठिकठिकाणी वाचली. ज्यांना भांडी घासणं म्हणजे काही न घडणं वाटतं, त्यांनी महिनाभर घासून बघावीत. माझं यंदाचं पहिल्या नंबरचं पुस्तक हेच.

नावांचं हे खूळ मलाच का लागलं, ते बाहेरच्यांना सांगावं लागेल, बेळगावच्यांना नाही. माझ्या बाबांचं नाव ज्ञानेश्वर. शाळेच्या दाखल्यावर त्याचं स्पेलिंग मराठी उच्चाराप्रमाणं डी-एन-वायनं सुरू होतं, रेशन कार्डावर कानडी वळणानं जी-एननं. माणूस एक, ज्ञ एक. एका ऑफिसात त्यांना तीन वेळा परत पाठवलं: हे दोघं एकच कशावरून? बाबा म्हणाले, "दोन्ही खोटी समजा, मी तिसरा." मी कामाला आहे ती उद्यमबागेतली फौंड्री. कोल्हापूरचं गिऱ्हाईक ऑर्डरवर बेळगाव लिहितं, आमच्या बिलावर बेळगावी छापून येतं, आणि पेमेंट अडकलं की फोनवर अर्धा तास जातो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदललं. त्याच्याही आधी कधीकाळी हे वेणुग्राम होतं. यावर भांडण पेटवायला ही पोस्ट नाही, त्यासाठी दुसऱ्या भिंती भरपूर आहेत. सांगायचं एवढंच की एका गोष्टीला दोन नावं असली की माणूस नावाकडं कान देऊन बघायला लागतो. आणि चांगली फँटसी कानानंच वाचायची असते.

म्हणून टॉल्किन. दर पावसाळ्यात 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' परत काढते. इथला जुलै म्हणजे आठवडाभर सूर्य नाही, त्यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. हा माणूस ऑक्सफर्डचा प्राध्यापक, त्यानं आधी भाषा रचल्या आणि त्या बोलायला कुणी हवं म्हणून माणसं, एल्फ, डोंगर, नद्या केल्या. त्याचा जादूगार गँडाल्फ एल्फांना मिथ्रांदिर, बुटक्यांना थार्कून. ज्या मुलखात जाईल तिथलं नाव. आमच्या खडेबाजारातला कुठलाही जुना दुकानदार घ्या. मराठीत मामा, कानडीत काका, कॅम्पातल्या गिऱ्हाइकाला अंकल, आणि उधारीला तिन्ही भाषांत नकार.

सुझाना क्लार्कचं 'पिरानेसी' (२०२०) दोन रात्रींत संपवलं. अंत नसलेलं घर, दालनामागून दालन, पुतळे, खालच्या मजल्यांत भरती-ओहोटी, आणि नेमानं वह्या लिहिणारा एक गृहस्थ. त्याला पिरानेसी म्हणतात, पण ते आपलं नाव नाही एवढं त्याला आतून माहीत असतं. पुढचं सांगत नाही. पातळसं पुस्तक आहे, फँटसी वाचत नाही म्हणणाऱ्याच्या हातात मी हेच ठेवते.

आता टाकलेली दोन. पहिलं म्हणजे हजार पानी मालिकेचा पहिला भाग, नाव घेत नाही, चाहते फार आहेत. त्यात प्रत्येक नावाच्या मधोमध एक अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर टांगलेला स्वल्पविराम, लटकते, उच्चार करताना उचकी लागल्यासारखं. त्या भाषेत कुणी कधी भाजी आणली असेल, शिव्या दिल्या असतील असं वाटतच नाही. दुसरं आपल्याकडचंच, पुराणातली नावं उचलून त्यांना सिक्स पॅक चिकटवलेले. जाऊ दे.

आणि मग जी. ए. कुलकर्णी. बेळगावात वाढलेला, धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा हा माणूस. समीक्षक त्यांच्याबद्दल नियती, रूपककथा असे जड शब्द वापरतात, आणि मी ते ऐकून वीस वर्षं लांब राहिले. चूक माझी. 'रमलखुणा' (१९७५) मधल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथा वाचा आणि मला सांगा ही फँटसी नाही तर काय. इस्किलार! हा शब्द कुठल्या कोशात नाही, पण तोंडात घोळवला की त्याला वजन आहे. उपमा फार घालतात, हे खरंय. एका पानावर पाच-पाच. रात्री तीन पानांवर गेलेच नाही. जास्त घेतलं की श्रीखंडासारखं तोंडाला बसतं. तरी आमच्या घरच्या कपाटात 'रमलखुणा' आता टॉल्किनशेजारी उभं आहे. मराठीत फँटसी म्हणजे पोरांचं वाचन असं म्हणणाऱ्यांनी आधी तिथून जाऊन यावं.

शेवटचं पुस्तक नोव्हेंबरात आलं, ए. के. रामानुजन यांचं 'अ फ्लॉवरिंग ट्री'. रामानुजन १९५०च्या दशकात इथं लिंगराज कॉलेजात शिकवायला होते आणि कन्नड लोककथा गोळा करायचे. त्यातली एक गोष्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली, मराठीत करत करत. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत असतं, पण ती कुणाला सांगत नाही. आत कोंडून ती दोघं वैतागतात. ती झोपलेली असताना बाहेर पडतात. गोष्टीचा होतो बुटांचा जोडा आणि गाण्याचा कोट, पुरुषाचे. नवरा बघतो, संशय घेतो, भांडून मारुतीच्या देवळात झोपायला जातो. तिथं रात्री गावातल्या मालवलेल्या दिव्यांच्या ज्योती गप्पा मारायला जमतात, आणि त्यांच्या घरची ज्योत सगळं सांगते. नवरा सकाळी घरी येऊन विचारतो, तर बाई म्हणते, कुठली गोष्ट? कसलं गाणं?

सासूबाई शेंगा सोलत होत्या. हात थांबला. "मग गाणं कुठलं होतं?"

"पुस्तकात नाही दिलेलं."

"हं." थोड्या वेळानं, "राक्षस नाहीत की गं यात."

अठरा वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं, तुमचं माहेरचं नाव काय? त्या आधी दाराकडं बघून घेतल्या, मग हळूच सांगितल्या. कानडी नाव आहे, सुरेख आहे, आणि ते मी इथं लिहिणार नाही. माझंही नाही. निपाणीच्या शाळेतल्या मैत्रिणींनो, तुम्हाला माहीत आहे, खाली कमेंटमध्ये टाकू नका.