‘लेणी मोजत बसू नका, आधी वाचवा’ या मेसेजला उत्तर

पावसाळा जवळ आला की ट्रेकर मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात सांगायचं तर तो असा: “महाराष्ट्रातली सगळी लेणी इंग्रजांनी केव्हाच शोधून, नोंदवून ठेवली आहेत. आता पुन्हा टेप घेऊन मापं काढणं, याद्या करणं म्हणजे नुसते कागद रंगवणं. त्यापेक्षा झाडू-फावडी घेऊन चला, लेणी साफ करू. महत्त्वाची लेणी सरकारने संरक्षित केलीच आहेत. उरलेली कोणाला माहीत नाहीत म्हणूनच टिकली. यादीत आली की चोर आणि गर्दी आलीच म्हणून समजा. आणि नोंद हवीच असेल तर मोबाइलमध्ये हजारो फोटो पडले आहेत.”

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे. त्यातले बरेच जण लेण्यांवर जीव टाकणारे आहेत, म्हणूनच इतकं सविस्तर लिहिते आहे. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य लेण्यांच्या मुळावर येणारं आहे.

“सगळी लेणी इंग्रजांनी शोधली.”

सुरुवात त्यांच्या काळात झाली, हे खरं. जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला, त्यातून कंपनी सरकारकडे पाठपुरावा झाला आणि १८४८ मध्ये मुंबईत लेण्यांसाठी आयोग नेमला गेला. डॉ. जॉन विल्सन त्यात होते. पुढे १८८० मध्ये फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांचा जाडजूड ग्रंथ आला. भाऊ दाजी आणि भगवानलाल इंद्रजी यांनी शिलालेख वाचले, त्यांच्याशिवाय हे सगळं मुकंच राहिलं असतं. (“इंग्रजांनी शोधली” म्हणताना या दोघांची नावं नेहमी गळतात, याचं मला वाईट वाटतं.)

पण “सगळी”? नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी घ्या. कॅप्टन डेलामेन यांनी त्यांची नोंद १८२३ मध्ये केली. तिथे २४ लेणी, असंच आपण आजवर म्हणत आलो. २०२१ च्या मे महिन्यात पावसाळ्याआधी डोंगरावरचा पाण्याचा चर साफ करताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या माणसांना आणखी तीन लेणी दिसली. हे घडलं नाशिकसारख्या शहराच्या कडेला, रोज माणसं चढतात त्या डोंगरावर. अजिंठा १८१९ पासून जगाला माहीत. तिथे चित्रकार आले, छायाचित्रकार आले, निजामाचं पुरातत्त्व खातं आलं. तरी १९५६ मध्ये १६ क्रमांकाच्या लेण्याकडे जाणाऱ्या वाटेवर दरड कोसळली, ती उपसताना एक अज्ञात विहार (भिक्खूंच्या राहण्याचं लेणं) सापडला. अभ्यासकांच्या मते तो अजिंठ्यातल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी असू शकतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही गेल्या दहा-बारा वर्षांत सात नवी लेणी नोंदली गेली. एवढ्या नावाजलेल्या ठिकाणांची ही कथा असेल, तर जुन्नर, मावळ आणि कोकणातल्या आडबाजूच्या डोंगरांत काय काय उरलं असेल?

दुसरं असं की, जुन्या सर्वेक्षकांनी जे त्यांना महत्त्वाचं वाटलं ते लिहिलं. चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं), मूर्ती, शिलालेख असतील तिथे पानंच्या पानं, साधी खोली असेल तिथे एखादी ओळ. पाण्याची टाकी, कातळात खोदलेल्या पायऱ्या, एका लेण्याकडून दुसऱ्याकडे जाणारी पायवाट, अर्धवट सोडलेलं काम, यांची दखल फार थोडी. पण लेणं खोदायचे कसे हे अर्धवट लेण्यातच कळतं. अजिंठ्याच्या २४ क्रमांकाच्या लेण्यात खांब नुसते ढोबळ काढून ठेवलेले दिसतात आणि मग डोळ्यांपुढे कामाचा क्रम उभा राहतो. आणि १८८० ची नोंद कितीही चांगली असली तरी आज छताला गेलेली भेग किती रुंद आहे, हे ती सांगू शकत नाही. तिचा उपयोग वेगळाच आहे: तेव्हा काय होतं ते तिच्यामुळे कळतं, म्हणून आज काय गेलं तेही कळतं. रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रतिकृती केल्या, त्यातल्याही कित्येक १८८५ च्या आगीत गेल्या. वाचल्या त्यांत असे तपशील आहेत जे आज भिंतीवर उरलेले नाहीत.

“मोजण्यापेक्षा साफ करा.”

सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं, म्हणून इथे थोडं थांबते.

एखाद्या साध्या विहाराच्या खोलीच्या दारात उभे राहा, ज्याला कोणी ‘यात काय बघायचंय’ म्हणतं अशा. उंबऱ्याशी आणि वर छताशी वाटीएवढे खळगे दिसतील. लाकडी दार ज्या खुंटांवर फिरायचं, त्यांची ही घरं. बाजूला भिंतीत अडसर सरकवायची चौकोनी खाच असते. आत ओणवं होऊन टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरला, की छिन्नीचे घाव तिरप्या रेघांनी उठून दिसतात आणि कारागीर कुठल्या बाजूने काम करत आला ते समजतं. एखाद्या कोपऱ्यात नखाएवढा गिलाव्याचा तुकडा चिकटलेला असतो. तारेच्या ब्रशचा एक फटका, की तो गेला. वेरूळच्या अशाच गिलाव्याची तपासणी झाली, तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. कीड दूर ठेवायला ते कामी आले असावेत, असं तपासणाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं. ‘मळ’ समजून भिंत घासली असती तर हे कधीच कळलं नसतं.

खाली साचलेल्या मातीचंही तेच. पितळखोऱ्याच्या लेण्यांत १९५० च्या दशकात ढिगारा पद्धतशीर उपसला, तेव्हा त्यातून यक्षाची मूर्ती निघाली, आणि तिच्या हातावर ती घडवणाऱ्या सोनाराचं नाव कोरलेलं: कान्हदास. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने स्वतःची केलेली नोंद! ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. फावड्याने माती दरीत ढकलून दिली असती तर कान्हदास दरीत गेला असता. त्यामुळे कृपा करून माती उपसू नका. संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय उत्खनन करणं बेकायदा आहे, पण ठिकाण असंरक्षित आहे म्हणून तिथे ते चालतं, असंही नाही. प्लास्टिक, बाटल्या, दारूच्या काचा जरूर उचला.

घाईने केलेला उपाय जाणकारांच्या हातूनही फसतो. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटत चाललेले पापुद्रे पक्के केले, हे मोठंच काम. पण वर लाखेचं वॉर्निश दिलं. ते पिवळं पडत गेलं, आणि ते काढायला पुढच्या पिढ्यांचे रसायनतज्ज्ञ झटले. मग गावच्या तरुण मंडळाने हौसेने मारलेल्या ऑइलपेंटचं काय सांगायचं!

आणि पाणी. बेसॉल्टचा डोंगर एकसंध नसतो. लाव्ह्याचे थर एकावर एक, मध्ये कुठे तांबड्या मातीसारखा ठिसूळ पट्टा, कुठे बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला दगड. पावसाचं पाणी या पट्ट्यांतून वाट काढतं आणि लेण्याच्या छतात उतरतं. खोदणाऱ्यांना हे ठाऊक होतं. पितळखोऱ्यात छतावर झिरपणारं पाणी बाहेर नेण्यासाठी त्यांनी कातळातच नाल्या कोरल्या. आज ते पाणी वळवायचं तर वर डोंगरावर चर कुठे काढायचा? थर कुठला, भेग कुठून कुठे जाते, पाणी कुठल्या महिन्यात किती गळतं, हे आराखड्यावर मांडलेलं नसेल तर चर चुकीच्या जागी निघतो आणि आजवर कोरडं असलेलं लेणं गळायला लागतं.

“सरकारने संरक्षित केली आहेत.”

२०१३ मध्ये ‘कॅग’ने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, देशातल्या १६५५ संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली. त्यातली ९२ जागेवर सापडलीच नाहीत. राजपत्रात नाव होतं, स्मारक नव्हतं. नंतर पुरातत्त्व खात्याने त्यातली कित्येक शोधून काढली, पण मुळात शोधावी लागली यातच सगळं आलं.

कायदाही मोजमापावरच उभा आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण हद्द कुठली? लेण्याचं तोंड, की डोंगरातली त्याची मागची भिंत, की पलीकडच्या उतारावरचं टाकं? हद्द नकाशावर नेमकी आखलेली नसेल तर ते १०० मीटर कुठून मोजायचे? मुंबईत जोगेश्वरीच्या लेण्यावर आणि भोवती वस्ती चढली आहे. तिथे संरक्षण होतं, माणसं मात्र छतावर राहायला आली, आणि वरच्या वस्तीचं पाणी खाली झिरपू लागलं. मागाठाण्याची लेणी तर त्या संरक्षणाच्याही बाहेर राहिली. त्यांची आजची अवस्था बघवत नाही.

असंरक्षित लेणं महसुली दप्तरात नसतं, गट नंबराशी जोडलेलं नसतं. तिथे खडी क्रशरचा अर्ज आला तर हरकत घेणाऱ्याच्या हातात दाखवायला कागद हवा.

“माहीत नाहीत म्हणूनच सुरक्षित आहेत.”

या मुद्द्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. नाजूक जागेचे अक्षांश-रेखांश रीलमध्ये टाकणं हा गुन्हाच म्हणायला हवा. पण नोंद करणं आणि ती चव्हाट्यावर मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९८८ च्या गुहासंरक्षण कायद्याने सरकारी जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहांची यादी करायला सांगितलं, आणि त्यांची ठिकाणं गोपनीय ठेवायचीही सोय केली. आपल्यालाही ते जमेल.

आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. गोव्याच्या सीमेलगत, बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहेत रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं. कित्येक दशकं ते फक्त याच गुहेत आढळतं असं मानलं जाई. त्याची मोजणी आणि नोंद झाली म्हणून त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. हे कोणी लिहूनच ठेवलं नसतं, तर त्या अंधारात काय आहे याची कोणाला पडली असती?

चोरांबद्दल एवढंच: तमिळनाडूतल्या श्रीपुरंतानच्या मंदिरातला नटराज चोरीला जाऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचला होता. तो तिथलाच हे ठरवायला पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेने आधी काढून ठेवलेलं छायाचित्र कामी आलं, आणि २०१४ मध्ये मूर्ती परत आली. नोंद नसलेली मूर्ती चोरीला गेली, तर ती आपली होती हे सिद्ध कशाने करणार?

कोकणातली कातळशिल्पंही (सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या माळांवर कोरलेली चित्रं) गावकऱ्यांना माहीत होतीच. पण जांभ्याच्या खाणींना आणि रस्त्यांना ती माहीत नव्हती. रत्नागिरीतल्या अभ्यासकांनी सड्यासड्यावर हिंडून याद्या केल्या, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली.

“फोटो आहेत की.”

हजार फोटोंत नऊशे चैत्याच्या कमानीसमोर उभ्या राहिलेल्या माणसांचे असतात. फोटो उपयोगी पडायचा असेल तर त्यात मोजपट्टी ठेवा, तारीख आणि दिशा लिहा, गाव आणि गट नंबर लिहा, आणि जी भेग दिसते तिचा फोटो दरवर्षी त्याच जागेवरून काढा. शिलालेखावर खडू, रांगोळी, पाणी काही लावू नका, टॉर्च आडवा धरला तरी अक्षरं उठतात. खोलीचा कच्चा आराखडा वहीत काढा, वाकडा आला तरी चालेल, मापं मात्र लिहा. टाकी मोजा, त्यांत पाणी कुठल्या महिन्यापर्यंत राहतं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. वटवाघळं असतील तर आत न जाता बाहेरूनच परत फिरा आणि तेवढंच लिहा. मग ही नोंद राज्य पुरातत्त्व विभागाच्या तुमच्या भागातल्या सहायक संचालकांच्या कार्यालयात द्या, एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, आणि दोन्हीकडून पोच घ्या.